ख्रिसमस ट्री उतरवताना पानं का गळतात, आणि झाड खोक्यात का मावत नाही?

नमस्कार मंडळी. मागे दिसतंय ते आमच्या घरातलं ख्रिसमस ट्री. ६ फुटी, प्लास्टिकचं. आज ते उतरवायचंय. मांडायच्या दिवशी घरातले सगळे हाताशी असतात. उतरवायच्या दिवशी मात्र बहुतेक घरांत एकच माणूस उरतो, आणि त्याला ते कसंबसं उरकायचं असतं. झाडाचे सगळ्यात जास्त हाल होतात ते याच घाईत, म्हणून आज आपण सावकाश करणार आहोत.

कधी उतरवायचं, हे बरेच जण विचारतात. जुन्या रिवाजाप्रमाणे नाताळचे १२ दिवस धरतात, म्हणजे ५ जानेवारीची रात्र किंवा ६ जानेवारीचा एपिफनीचा, म्हणजे ज्ञानी मंडळी बाळ येशूच्या दर्शनाला आली त्या आठवणीचा सण. स्वीडनमध्ये १३ जानेवारीपर्यंत झाड उभं असतं. माझं म्हणाल तर ज्या दिवशी हातात अख्खी दुपार मोकळी असेल, तो दिवस निवडा.

[डहाळी कॅमेऱ्याजवळ धरून]

आता ही डहाळी अगदी जवळून बघा. मधोमध दोन तारा एकमेकींभोवती पिळल्यात आणि त्या पिळात ही हिरवी पानं पकडलेली आहेत. बाटली धुवायचा ब्रश आठवतो? हुबेहूब तीच रचना. पानं म्हणजे पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या पातळ तावाच्या बारीक चिरलेल्या पट्ट्या. त्यांना धरून ठेवतो तो फक्त तारेचा पीळ. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत अशी झाडं बनायला लागली तेव्हा हिरवी रंगवलेली हंसाची पिसं तारेला गुंडाळत असत. पिसं गेली, प्लास्टिक आलं, मधली तार मात्र अजून आहेच.

हे एकदा लक्षात आलं की पानं का गळतात ते वेगळं सांगावं लागत नाही. तार वेडीवाकडी वाकली की पीळ सैल पडतो आणि पान सुटतं. म्हणून फांदीवरून हात फिरवायचा तो बुंध्याकडून टोकाकडे. उलटा फिरवलात तर मूठभर हिरवळ हातात येईल. काही झाडांची टोकं पॉलिइथिलीन हे दुसरं प्लास्टिक साच्यात ओतून केलेली असतात, ती जाडसर आणि खऱ्या पानांसारखी दिसतात. ती सहसा गळत नाहीत, पण त्याच झाडाच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा पीव्हीसीच असतं.

सुरुवात करायच्या आधी दोन गोष्टी. झाडाखाली जुनी चादर अंथरा, चांगली मोठी. आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, लोकरीचा स्वेटर नको. पीव्हीसी लोकरीवर घासलं की स्थिर वीज तयार होते आणि प्रत्येक पान अंगाला येऊन चिकटतं. थंडीत हवा कोरडी असते, त्यामुळे हे जास्तच होतं. जमिनीवर पडलेली पानं झाडूने नुसती इकडून तिकडे उडतात. ओलसर फडकं फिरवा, मुकाट गोळा होतात. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असाल तर फिरता ब्रश बंद ठेवून नुसत्या नळीने ओढा, नाहीतर पानं त्या ब्रशला गुंडाळून बसतात.

आता दिव्यांच्या माळा. दागिने काढणं सोपं आहे, काचेचे आधी, बाकीचे नंतर, झालं. माळांपाशी थांबू या.

पहिल्या वर्षी मी माळेचं टोक धरून सरळ ओढलं होतं. निघाली पटकन. पुढच्या डिसेंबरात लावली तर अर्धी माळ अंधारात. मला वाटलं, बल्ब उडाले. तसं नव्हतं. या बारीक बल्बांच्या माळेत एका टप्प्यातले सगळे बल्ब एकामागे एक जोडलेले असतात, वीज एकातून दुसऱ्यात जाते. बल्बची तार जळाली तर त्याच्या आत आणखी एक बारीक तार असते, ती वीज पुढे नेते आणि बाकीचे पेटते राहतात. पण बल्ब त्याच्या खोबणीतून जरा जरी वर आला, तर वाटच तुटते आणि तो अख्खा टप्पा विझतो. ओढाओढीत नेमकं हेच होतं. माझ्या माळेत एकच बल्ब केसभर वर आला होता. दाबला, आणि सगळी माळ लागली. एक अख्खा डिसेंबर मी ती माळ मोडकी समजून बाजूला ठेवली होती, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तेव्हा आधी प्लग काढा. मग जो वेढा शेवटी घातला होता, तिथून उलटं या. माळ हाताच्या कोपराभोवती करकचून गुंडाळू नका, तारेला पीळ पडतो. पुठ्ठ्याच्या तुकड्याला कडेला खाच पाडा, टोक खाचेत अडकवा आणि सैल हाताने गुंडाळा. गुंडाळल्यावर एकदा काही सेकंद लावून बघा.

आणि हे विसरू नका. माळ थर्माकोलला टेकवून ठेवायची नाही. तारेवरचं आवरण मऊ पीव्हीसीचं असतं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळल्यासारखा चिकट होतो आणि तार कडक, ठिसूळ. तार विजेची आहे, म्हणून हे मी इतकं आवर्जून सांगतेय.

आता झाड मिटवू या.

खोक्यात मावत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्याच खोक्यातून आलं होतं ना? कारखान्यात ते डहाळी न डहाळी मिटवून, दाबून बांधलेलं असतं. आपण मांडताना प्रत्येक डहाळी फुलवतो, आणि परत ठेवताना नुसती मोठी फांदी वर ढकलतो. फुलवलेल्या डहाळ्या मिटवल्याच नाहीत तर मावणार कसं?

[वरचा भाग टेबलावर आडवा ठेवून]

वरचा भाग काढून घेतला. दांडा अडकला तर सरळ खेचू नका. खालचा भाग कोणालातरी धरायला सांगा आणि वरचा थोडा थोडा फिरवत उचला. आता प्रत्येक फांदीच्या बारीक डहाळ्या मधल्या तारेला समांतर करायच्या, टोकाकडे. मिटलेली छत्री जशी दिसते, तसं. मग फांद्या वर, दांड्याकडे. बिजागरीचं झाड असेल, म्हणजे फांद्या दांड्यालाच जोडलेल्या आणि मिटणाऱ्या असतील, तर आधी सगळ्यात वरची रांग आणि मग तिच्या खालची, कारण खालच्या फांद्या लांब असतात आणि त्या बाहेरून येऊन वरच्यांना कवेत घेतात. हाच क्रम चुकला की बिजागरीवर ताण येतो. बांधायला सुतळी नको, ती पानांत रुतते. जुन्या ओढणीच्या रुंद पट्ट्या मी जपून ठेवल्यात, त्या उत्तम.

स्टँडचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून स्टँडलाच बांधा.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘कार्बन ट्रस्ट’ या ब्रिटिश संस्थेच्या हिशोबाने २ मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढ्याच उंचीचं खरं झाड वापरून कचऱ्याच्या डेपोत टाकलं तरी सुमारे १६ किलो होतं, आणि जाळलं तर ३.५ किलो. म्हणजे आपलं झाड दोन-तीन वर्षांत टाकलं तर हा व्यवहार तोट्याचा. पीव्हीसी आणि पोलाद एकमेकांत असे पिळलेले असल्यामुळे ते वेगळं करून पुन्हा वापरणंही अवघड. १० वर्षं, १२ वर्षं तेच झाड उभं राहिलं, तर ते घेतल्याचं सार्थक. माझं हे नववं वर्ष.

ठेवायची जागा कोरडी आणि थंड बघा. तापणाऱ्या पत्र्याखाली पीव्हीसी लवकर ठिसूळ होतं. खूप जुनं झाड असेल तर हाताळल्यावर हात साबणाने नीट धुवा, आधीच्या काळात पीव्हीसी टिकाऊ व्हावं म्हणून त्यात शिसं घालायचे.

बरं, आता तळाचा भाग राहिलाय. हा सगळ्यात जड, आणि बांधायला दोन माणसं लागतात. घरातून एकाला हाक मारते. कॅमेरा इथेच सुरू ठेवते, गाठ कुठे मारायची ते तुम्हाला दिसेल.