इथे तरी नको

मंडळी, शालोम आणि नमस्कार.

इस्रायलमधल्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या, मंडळात मायमराठीवर बोलायला सांगितलंय, पण गेल्या आठवड्यात घरात झालेलं भांडण डोक्यातून जात नाही. मुलगा राखीव फौजेतून सुखरूप परतला म्हणून एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, घातला होता. मी पोहे भिजवता भिजवता अरबी संवाद घोकत होते. तो म्हणाला, “आई, इथे तरी नको.” मग माझाही आवाज चढला.

रामल्यात आम्ही ज्यू आणि अरब मिळून हौशी नाटक करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पैसा कुणालाच नाही. याफाचं अरबी-हिब्रू थिएटर 1998पासून मुरलेल्या नटांना घेऊन जे करतं, त्याची ही लुटूपुटूची आवृत्ती. बाप हिब्रूत ओरडतो, मुलगी अरबीत उलटून बोलते, मागच्या भिंतीवर दुसऱ्या भाषेतली ओळ उमटते. ती ओळ सरकवणं माझ्याकडे. क्षणभर आधी पडली, तर नटीनं तोंड उघडायच्या आत निम्मे प्रेक्षक हसतात, उरलेले नंतर, आणि विनोद मधल्या मध्ये मरतो. म्हणून संवाद पाठ लागतात. रंगमंचावर मला मुक्या आजीचं काम दिलंय. आमची हिब्रूच अजून अलिबागेत अडकलेली, अरबी कुठून जमणार!

मुलाचं चुकलं, असं मी म्हणू शकत नाही. त्याच्या तुकडीतला मित्र परत आला नाही. मे 2021मध्ये शेजारच्या लोदमध्ये सिनेगॉग जळले, दोन्हीकडची माणसं गेली, तेही त्यानं पाहिलंय.

पण तुम्हाला बोलणारच. 1964मध्ये आपलं ज्यूपण खरं की खोटं, यावरून आपल्या वाडवडिलांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं होतं. आणि आज चहाच्या रांगेत आपणच अरबांना ‘ती लोकं’ म्हणतो. विनोदी एकांकिकेला हॉल भरतो. आमच्या प्रयोगाला मंडळातून आले ते माझे दोन भाऊ, तेही नंतरच्या जेवणावर डोळा ठेवून.

मुलीचं काम करणारी अरब पोरगी हल्ली तालमीला येत नाही. तिच्या भावानंही घरी हेच ऐकवलंय म्हणे. फोन उचलते, बरी आहे म्हणते, येते-नाही काहीच म्हणत नाही. सुक्कोथच्या सणानंतर प्रयोग लागलाय. दिग्दर्शक म्हणतो, दुसरी शोधा. मी म्हणते, थांबा. किती थांबायचं, ते मात्र मला सांगता येत नाही.