शॉकअपची कॉलर आणि तिचा पाना

श्रोते हो, नमस्कार.

डबलसीट बसलं की मोटरसायकल मागून खाली बसते, खड्ड्यात धाडकन आपटते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. लगेच शॉकअप गेले असं समजू नका. आधी स्प्रिंगच्या टोकाशी, बहुधा खालच्या अंगाला, असलेली कॉलर, म्हणजे फिरणारी कडी, बघा. तिला जिन्यासारख्या चढत्या पायऱ्या असतात. बऱ्याच गाड्यांत ५, रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० मध्ये ६. कॉलर फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते. यालाच प्रीलोड म्हणतात. यानं स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त वजन पडल्यावर गाडी किती खाली बसेल ते बदलतं.

खरी अडचण येते ती कॉलर फिरवायची कशानं, इथे. आणि इथेच छिन्नी-हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हर पुढे येतो. कृपा करून तसं करू नका. छिन्नीच्या दोन ठोक्यांत कॉलरवरच्या, पाना अडकवायच्या खाचेची कड गोल होते, वरचा मुलामा उडतो, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. मग योग्य पाना आणला तरी तो त्या खाचेत टिकत नाही, सटकतो, आणि हात जातो थेट सायलेन्सरवर.

यासाठी लागतो तो सी-पाना, दुकानात हूक स्पॅनर म्हणून मागा. पण आधी सीटखालची टूलकिट उघडून बघा. अनेक गाड्यांबरोबर तो येतोच, आणि वर्षानुवर्षं पिशवीतच पडून असतो. नसेल तर विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, कॉलरला चौकोनी खाचा आहेत की गोल भोकं. खाचांना चौकोनी आकडीचा पाना लागतो, भोकांना गोल पिनचा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दुसरी, कॉलरचा बाहेरचा व्यास. व्हर्निअर, म्हणजे व्यास मोजायची सरकती पट्टी, नसेल तर कॉलरभोवती दोरा गुंडाळा, पट्टीवर मोजा आणि ३.१४ नं भागा. दोरा १७३ मिलिमीटर भरला, तर व्यास ५५. मग ५२-५५ असा आकडा कोरलेला पाना घ्या. सांधा असलेला, कमी-जास्त होणारा पानाही मिळतो, एक ३२ ते ७६ मिलिमीटरपर्यंत चालतो. घरात वेगवेगळ्या गाड्या असतील तर तो सोयीचा. एकच गाडी असेल तर मापाचा घ्या, त्याची कमान कॉलरला पूर्ण टेकते. पाना घ्यायला मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात नाना पेठेत जाताना कॉलरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

आता काम. गाडी डबल स्टँडवर घ्या, म्हणजे मागचा भार उतरतो. कॉलरभोवतीचा चिखल जुन्या टूथब्रशनं आणि पाण्यानं काढा. अडकली असेल तर गंज सोडवणारं तेल थोडं मारून १५ मिनिटं थांबा, मात्र ते टायरवर किंवा ब्रेकवर जाऊ देऊ नका. आकडी खाचेत तळापर्यंत बसू द्या, पाना कॉलरला समांतर धरा, आणि हात सटकला तर मोकळ्या जागेत जाईल अशा बाजूनं जोर लावा. एकेक पायरीच चढा. पहिल्यावरून उलट फिरवून थेट पाचवीवर उडी मारली तर शॉकअप खराब होऊ शकतो. दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजू एकाच पायरीवर हव्यात. हे विसरलं की मागचा भाग वळणात विचित्र वागतो.

काही शॉकअपवर पायऱ्यांऐवजी स्क्रूसारखे आटे असतात. पण मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, असला म्हणजे आटेच असतात असं नाही. यामाहाच्या एफझीत पायऱ्याच आहेत. आट्यांच्या शॉकअपवर मात्र दोन कड्या असतात. स्प्रिंगला टेकलेली फिरवायची, तिच्यामागची लॉकची. त्यामुळे पाने दोन हवेत. आधी आट्यांतली वाळू काढा, कारण कडी ॲल्युमिनियमची असेल तर वाळूत फिरवल्यावर आटे कायमचे जातात. किती फेरे दिले यापेक्षा किती आटे उघडे राहिले ते मोजून लिहून ठेवा, कधीकधी कडीबरोबर स्प्रिंगही फिरते आणि फेऱ्यांचा हिशेब चुकतो. शेवटी लॉकची कडी घट्ट करा.

किती पायऱ्या चढायच्या? चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून, म्हणजे मागच्या चाकाच्या आसापासून, सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग नेहमीच्या वजनानं बसून पुन्हा मोजा. चाकाची एकूण हालचाल १०० मिलिमीटर असेल, तर फरक साधारण ३० च्या आसपास हवा. ४५ आला तर पायरी वाढवा, १५ आला तर कमी करा. शेवटच्या पायरीवरही गाडी बसतच असेल, तर स्प्रिंग त्या वजनाला कमी पडते, कॉलर तिथे काही करू शकत नाही.

बदल केल्यावर हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून पाहा, आणि चेन साइड स्टँडवर मोजत असाल तर तिचा ढिलेपणा पुन्हा तपासा.