सीटी काढला छातीचा, गाठ निघाली अ‍ॅड्रिनलवर! आता?

तर गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेळा आलाय की शेवटी बसलोच कॅमेऱ्यासमोर. ताप-खोकला होता, छातीचा सीटी केला, फुप्फुसाचं राहिलं बाजूला आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, डाव्या अ‍ॅड्रिनलवर १.८ सेंटीमीटरची गाठ. ही कोविडमुळे झाली का, आणि आता पुढच्या इन्फेक्शनमध्ये माझं काही खरं नाही का?

बेसिक पटकन उरकतो. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी, एकेक जेमतेम ४-५ ग्रॅमची, कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वगैरे हॉर्मोन तिथे बनतात. छातीच्या सीटीत खालच्या भागात त्या बऱ्याचदा येतात, म्हणून शोधायला गेलो एक आणि सापडलं दुसरं. याला इन्सिडेंटलोमा म्हणतात. वयाबरोबर प्रमाण वाढतं, बहुतेक साध्या अ‍ॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी असतात, कॅन्सर फार क्वचित. रिपोर्टमध्ये एचयूचा (हाउन्सफिल्ड युनिट, सीटीवर गाठ किती घट्ट दिसते त्याचं माप) आकडा बघा, काँट्रास्ट म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता काढलेल्या सीटीत तो १० किंवा कमी आणि गाठ सगळीकडे एकसारखी, तर ती चरबीवाली साधी गाठ, पुन्हा पुन्हा स्कॅन नको. झालं.

आणि व्हायरसने ती बनवलेली नाही हो. ती आधीपासूनच होती, फोटो आत्ता निघाला एवढंच. एकाने लिहिलंय, "डेक्सा दिलं म्हणून गाठ आली." उलट आहे दादा! डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. बाहेरून स्टेरॉइड खूप दिवस दिलं तर अ‍ॅड्रिनल आकसते, आळशी होते.

दुसरी कमेंट, "गाठवाले जास्त सिरियस होतात, मी वाचलंय." अहो पण सीटी कोणाचा काढतात? जो आधीच जास्त आजारी आहे त्याचा. गाठ कोणाला जास्त असते? वयस्करांना, ज्यांना बीपी-शुगरही असते. मग दोष गाठीचा की वयाचा-शुगरचा, हे वेगळं न करता कसं बोलता? हां, गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत असेल तर गोष्ट वेगळी, कारण जास्तीचं कॉर्टिसॉल शुगर वाढवतं, बीपी वाढवतं, रक्त गोठायची शक्यता वाढवतं, प्रतिकारशक्ती दाबतं, आणि फ्लू असो की कोविड, बिघडायला नेमकं हेच लागतं. म्हणून किती सेंटीमीटर यापेक्षा ती हॉर्मोन सोडते का, हे विचारा.

आता माझा आवडता राग. ही हॉर्मोनची टेस्ट आजारपणात करू नका.

माझ्या मावशीचं सांगतो. ऑक्सिजनवर होती, सीटीत गाठ दिसली, कोणीतरी उत्साहात चौथ्या दिवशी कॉर्टिसॉल पाठवलं, आलं भरपूर जास्त, आणि घरात रडारड, काका तर ऑपरेशनच्या खर्चाचा हिशोब करायला बसले. अरे, ताप आणि दम लागलेल्या माणसाचं कॉर्टिसॉल वाढणारच, त्यासाठीच तर ते आहे! बरी झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा केली, नॉर्मल.

दुसऱ्या बाजूने बघा, औषधं. ब्रिटनच्या २०२० च्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीनंतर ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटना डेक्सा ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त १० दिवस, हे सगळीकडे सुरू झालं, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. चांगलं औषध, पण ते चालू असताना स्वतःचं कॉर्टिसॉल दबतं, आकडा कमी येतो. आणि प्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड चालू असेल तर काही लॅबच्या मशीनला तेच कॉर्टिसॉल वाटतं, आकडा खोटाच जास्त! म्हणजे एकाच माणसाचा रिपोर्ट औषधानुसार दोन्हीकडे चुकू शकतो. (म्हणून चालू स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका, मागे एकाने माझा व्हिडिओ बघून केलं आणि मलाच थँक्यू म्हणाला, माझी झोप उडाली.)

तिसरं, मेटानेफ्रिन, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनसारख्या हॉर्मोनपासून बनणारे पदार्थ. एचयू १० च्या वर असेल तर फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलिनसारखे हॉर्मोन सोडणारी गाठ, नाही ना, हे बघायला ही टेस्ट करतात. तीसुद्धा आजारपणाच्या ताणात वाढते, नाक मोकळं करायच्या काही गोळ्यांनीही वाढू शकते. सर्दीची गोळी घेऊन टेस्टला गेलात तर सांगा तरी.

अपवाद आहे. डोकेदुखी-घाम-धडधडीचे झटके येऊन बीपी आभाळाला भिडतोय, किंवा ऑपरेशन तातडीचं आहे, तर थांबायचं नाही, डॉक्टर लगेच बघतील.

बाकीच्यांनी बरं व्हा, मग करा. रात्री ११ ला डेक्साची १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी ८-९ ला रक्त. कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत आलं तर कॉर्टिसॉलच्या बाबतीत गाठ गप्प आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा फसवा येतो, आधी सांगा, साधारण ६ आठवडे बंद ठेवायला सांगतात. आणि गोळी ११ लाच, मावशीने "झोप येत होती म्हणून ८ लाच घेतली" आणि आम्ही पुन्हा एक रात्र जागलो.