कुलूप फोनचं, परवानगी ग्रंथपालांची

[काळा पडदा. तारीख उमटते: २६ जानेवारी २०१३]

आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाचं संचलन चालू होतं, त्याच तारखेला अमेरिकेत एक नियम लागू झाला. त्या दिवसानंतर घेतलेला नवा मोबाइल कंपनीला न विचारता अनलॉक केला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल असा मोकळा केला, तर कायद्याचा भंग. आणि तोही चक्क कॉपीराइट कायद्याचा. हे ठरवलं होतं देशाच्या ग्रंथपालांनी.

[फोनच्या कडेला पिन खुपसली जाते, सिमचा ट्रे बाहेर येतो]

हे कुलूप एरवी जाणवत नाही. कॅमेरा चालतो, वायफाय चालतं. दुसऱ्या कंपनीचं सिम सरकवलं की मात्र पडद्यावर चौकट येते: सिम नेटवर्क अनलॉक पिन. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेले कित्येक फोन भारतात येऊन याच चौकटीपाशी अडले.

कंपन्यांचं म्हणणं असं, की सहाशे डॉलरचा फोन आम्ही दोनशेला देतो आणि उरलेले पैसे दोन वर्षांच्या बिलातून काढतो. गिऱ्हाईक मध्येच पळालं तर? पण मध्येच सोडलं तर दंड भरायचा, हे करारात लिहिलेलंच असायचं. शिवाय करार संपला तरी कुलूप आपोआप निघत नसे. पैसे वसूल झाले, तरी गिऱ्हाईक दावणीलाच.

[लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन]

मग यात कॉपीराइट आला कुठून? डीव्हीडी आणि गाण्यांच्या सर्रास नकला होतील या धास्तीने अमेरिकेने १९९८ मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट केला. त्याचं कलम १२०१ सांगतं, की कॉपीराइट असलेल्या कृतीला लावलेलं तांत्रिक कुलूप तोडायचं नाही. तोडून पुढे कशाची नक्कल केली का, हे कलम विचारतच नाही. आणि फोनमधलं सॉफ्टवेअर ही कायद्याच्या लेखी साहित्यकृती, अगदी कादंबरीसारखी!

सवलत मिळते, पण मागावी लागते. दर तीन वर्षांनी अर्ज, पुरावे, सुनावणी. कॉपीराइट कार्यालय हा लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाचाच भाग. कार्यालय शिफारस करतं, ग्रंथपाल निर्णय देतात. दिलेली सवलतही तीन वर्षांपुरती. त्या काळी पुढे पुन्हा श्रीगणेशा करावा लागे.

फोन अनलॉक करायची सवलत पहिल्यांदा मिळाली २००६ मध्ये. त्या सुमारास सीना खनिफर हा तरुण कॉलेजात शिकता शिकता अनलॉकिंगचं सॉफ्टवेअर विकत होता. त्याला मोटोरोलाच्या वकिलांची नोटीस आली. धंदा म्हणून कुलपं तोडली, तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन सरकायला एवढं पुरेसं आहे. एका वकीलबाईंनी त्याची बाजू घेतली आणि प्रकरण मिटलं.

२०१० मध्ये सवलत पुन्हा मिळाली. २०१२ मध्ये ग्रंथपाल जेम्स बिलिंग्टन यांनी नव्या फोनांसाठी ती काढून घेतली. बिलिंग्टन रशियाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक. निर्णयात म्हटलं होतं, की बाजारात अनलॉक्ड फोन मिळतातच. शिवाय फोन ग्राहकाचा असला, तरी आतल्या सॉफ्टवेअरचा मालक ग्राहकच, असं सरसकट म्हणता येत नाही.

हे दुसरं कारण पुन्हा एकदा ऐका. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा आत्मा दुकानदाराकडेच राहिला, असा त्याचा अर्थ होतो.

[व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरची याचिका, वाढत जाणाऱ्या सह्या]

याच खनिफरने व्हाइट हाउसकडे ऑनलाइन याचिका टाकली. एक लाख चौदा हजारांवर सह्या जमल्या. ४ मार्च २०१३ ला उत्तर आलं: आम्ही तुमच्याशी सहमत आहोत. १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली. २०१२चा निर्णय रद्द झाला, २०१०ची सवलत परत आली, आणि मालकाने सांगितलं तर दुसऱ्यानेही कुलूप काढून द्यायला मोकळीक मिळाली.

कलम १२०१ मात्र जागच्या जागी राहिलं. म्हणून २०१५ मध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी वेगळी सवलत मागावी लागली, आणि २०२४ मध्ये हॉटेलांतल्या आइस्क्रीम मशीनसाठी! त्यातही गंमत अशी, की कुलूप तोडायला सवलत मिळते. तोडायचं साधन बाजारात विकायला मिळत नाही.

[हैदराबाद. जुने सीडीएमए हँडसेट]

आपल्याकडेही हा वाद झाला आहे, आणि अमेरिकेतल्या याचिकेच्या दहा वर्षं आधी. रिलायन्स इन्फोकॉमचा १०,५०० रुपयांचा हँडसेट सुरुवातीला ३,३५० रुपये भरून मिळत होता. तीन वर्षं सेवा त्यांचीच घ्यायची. त्या सीडीएमए तंत्राच्या फोनांत सिमच नव्हतं, ओळख हँडसेटमध्येच कोरलेली. टाटा इंडिकॉमच्या काही कर्मचाऱ्यांनी ही ओळख बदलून रिलायन्सची गिऱ्हाइकं आपल्याकडे वळवली, असा आरोप झाला आणि २००३ मध्ये गुन्हा दाखल झाला. २००५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालय म्हणालं, की मोबाइल हा संगणकच आहे आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम बदलणं हा कॉपीराइटचा भंग ठरतो. तपास पुढे चालू ठेवायला मुभा मिळाली.

२०१२ मध्ये संसदेने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ घातलं. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलेलं असलं तरच. अमेरिकेची सहीसही नक्कल केली नाही, हे आपल्या संसदेने फार बरं केलं. वैध कामासाठी कुलूप काढायला मदत करणाऱ्यासाठी मात्र या कलमात एक अट आहे: त्याने समोरच्या माणसाचं नाव, पत्ता आणि कुलूप काढण्याचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. अशी वही ठेवणारा मोबाइलवाला अजून आम्हाला भेटायचा आहे.