खरे तुकडे, खोटा क्रम

माहितीपटाचा इतिहास शिकवताना बहुतेक जण ज्या चित्रपटापासून सुरुवात करतात, त्यातच एक लपवलेली बंदूक आहे. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’, १९२२. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात एक इन्युइट शिकारी भाल्याने वॉलरस मारतो, असं रॉबर्ट फ्लाहर्टी आपल्याला दाखवतो. प्रत्यक्षात तोवर तिथली माणसं बंदुकीने शिकार करू लागली होती. फ्लाहर्टीला ‘अस्सल, जुनं’ जीवन हवं होतं, म्हणून त्याने बंदुका बाजूला ठेवायला लावल्या. नानूक हे त्या माणसाचं खरं नाव नव्हतं आणि पडद्यावरची बायको त्याची खरी बायको नव्हती. तेव्हा ‘हल्लीच्या डॉक्युमेंटरी फार पक्षपाती झाल्यात’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, आधी कधी नव्हत्या?

आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या बंदुकीच्या हिंसेवरच्या, मायकल मूरच्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ या माहितीपटाबद्दल. यातलं बोलिंग क्रिकेटमधलं नव्हे. लाकडी पट्टीवरून जड चेंडू गडगडत सोडून पिना पाडायचा तो खेळ. २००२ मध्ये हा चित्रपट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, २००३ च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून त्याच्यावरून दोन तट पडले आहेत. एकाला तो अमेरिकेचा आरसा वाटतो, दुसऱ्याला शुद्ध थापेबाजी. मला दोन्ही पटत नाही. मूरने बोट ठेवलंय ते दुखणं खरं आहे. पण ते दाखवताना त्याने तीच हातचलाखी केली, जिच्याबद्दल तो टीव्हीवाल्यांना झोडपतो. आणि गंमत म्हणजे, त्याला तिची गरज नव्हती.

आधी टीव्हीकडे बघू. २० एप्रिल १९९९. डेन्व्हरजवळच्या लिटलटनमधल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि नंतर स्वतःला संपवलं. सगळं थेट प्रक्षेपणात. वर हेलिकॉप्टरं, खाली डोक्यावर हात धरून पळणारी मुलं. संध्याकाळ व्हायच्या आत ‘कारणं’ तयार होती: काळे लांब कोट घालणारी टोळी, हिंसक व्हिडिओ गेम, रॉक गायक मॅरिलिन मॅन्सनची गाणी, खेळाडू मुलांवरचा सूड. यातलं बरंचसं पुढे तपासात टिकलं नाही. ते दोघे त्या कोटवाल्या टोळीचे सदस्य म्हणावेत असे नव्हते. त्यांनी कँटीनमध्ये प्रोपेन गॅसचे मोठे बाँब ठेवले होते आणि त्यांना शेकडो माणसं मारायची होती. बाँब फुटले नाहीत, म्हणून उरल्या त्या बंदुका. म्हणजे ‘अमुक मुलांवर राग’ हे स्पष्टीकरणच डळमळतं. स्फोट काही माणूस ओळखून मारत नाही. पण पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली ती बसली.

मूर या घाईची खिल्ली उडवतो. मॅन्सनला जबाबदार धरता, मग त्या दिवशी सकाळी ती मुलं बोलिंग खेळायला गेली होती म्हणे, तर बोलिंगला का नाही धरत? शीर्षक तिथून आलं. प्रश्न झकास आहे. फक्त त्या सकाळी ते दोघे बोलिंगच्या तासाला गेलेच नव्हते, असं तपासातून पुढे आलं. याचा दोष मी मूरला फारसा देणार नाही, त्या वेळी सगळेच तसं सांगत होते. पण माध्यमांनी पसरवलेल्या गैरसमजांवरचा चित्रपट एका गैरसमजाचंच नाव मिरवतोय, हे मात्र खरं.

आता त्याचा मुद्दा. अमेरिकेत बंदुकीने इतकी माणसं मरतात, याचं कारण नुसत्या बंदुका नाहीत, भीती आहे, असं तो म्हणतो. समाजशास्त्रज्ञ बॅरी ग्लासनर चित्रपटात सांगतात की खुनांचं प्रमाण २० टक्क्यांनी घटलं तेव्हा वाहिन्यांवर खुनांच्या बातम्या ६०० टक्क्यांनी वाढल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी हेच वेगळ्या अंगाने मांडलं होतं: जो जास्त टीव्ही बघतो, त्याला जग आहे त्याहून जास्त दुष्ट वाटतं.

चित्रपटानंतरच्या वीस वर्षांनी मूरला या बाबतीत खरं ठरवलंय. १९९३ ते २०२२ या काळात अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण जनमत आजमावणाऱ्या गॅलप संस्थेने १९९३ पासून केलेल्या २७ पाहण्यांपैकी २३ मध्ये किमान ६० टक्के लोक म्हणाले, देशात गुन्हे वाढलेत. ‘तुमच्या भागात?’ असं विचारलं की हा आकडा खाली येतो. आपली गल्ली माणूस डोळ्यांनी बघतो, देश पडद्यावर. आपल्याकडेही ज्यांची मुलं टेक्सासला किंवा न्यू जर्सीला आहेत, ते आईवडील बातमी लागली की रात्री दोनला फोन लावतात. मुलगा म्हणतो, अहो बाबा, ते इथून दीड हजार किलोमीटर आहे.

आणि ही भीती खरेदी करायला लावते. १९९९ मध्ये एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत बंदूकमालकांना मुख्य कारण विचारलं तेव्हा ४९ टक्के म्हणाले शिकार, २६ टक्के म्हणाले संरक्षण. २०१३ मध्ये प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत तो क्रम उलटला: संरक्षण ४८, शिकार ३२. २०२३ मध्ये ७२ टक्के मालकांनी संरक्षण हे मोठं कारण असल्याचं सांगितलं. (हा शेवटचा प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत होता, त्यामुळे तो आकडा आधीच्यांना सरळ चिकटवू नका. दिशा तेवढी बघा.) गुन्हे कमी होत असताना लोक संरक्षणासाठी बंदूक घेतात, हे कोडं मूरने सर्वांत आधी लोकांसमोर इतक्या मोठ्याने मांडलं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग बिघडलं कुठे? संकलनाच्या टेबलावर.

हॉलिवूडचा नट चार्ल्टन हेस्टन तेव्हा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. चित्रपटात कोलंबाइनची रडणारी मुलं दिसतात, आणि लगेच हेस्टन व्यासपीठावर जुन्या घडणीची बंदूक उंच धरून गरजतो: ही घ्यायची तर माझ्या थंडगार, मेलेल्या हातांतून घ्या. मग मूरचा आवाज येतो: हत्याकांडानंतर अवघ्या दहा दिवसांत, शोकात बुडालेल्या लोकांनी विनवूनही, हेस्टन डेन्व्हरला आला. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माणूस आहे की राक्षस?

डेन्व्हरची सभा १ मे १९९९ ला झाली, हे खरं. पण बंदूक उंचावण्याचा तो प्रसंग शार्लट शहरातला, मे २००० मधला, म्हणजे वर्षभरानंतरचा. डेन्व्हरचं अधिवेशन संघटनेने बरंचसं रद्द करून सदस्यांच्या सभेपुरतं उरवलं होतं, ते चित्रपटात येत नाही. तिथल्या भाषणाचीही काटछाट करून लांबलांबची वाक्यं शेजारी आणली आहेत. मूरचे समर्थक म्हणतात, ते थंड हातांचं वाक्य डेन्व्हरचं आहे असं चित्रपटात कुठे म्हटलंय? नाहीच म्हटलेलं. म्हणायची गरजच ठेवलेली नाही. दोन खरे तुकडे शेजारी ठेवले की मधलं खोटं प्रेक्षक स्वतः जोडून घेतो.

मिशिगनमधल्या फ्लिंटजवळ तेच. २९ फेब्रुवारी २००० ला सहा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीला गोळी घातली. हेस्टन तिथेही लगोलग पोचला असा भास होतो. तो गेला होता ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या प्रचारसभेला. हेस्टनची बाजू घ्यायची मला हौस नाही, त्याचं राजकारण मला बिलकूल पटत नाही. पण १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चात चाललेला आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याला पाठिंबा दिलेला माणूस तीस वर्षांत इथवर कसा आला? हा प्रश्न मूरच्या हातात होता. त्याला राक्षस हवा होता, म्हणून प्रश्न हातून निसटला.

आकड्यांचंही तसंच. चित्रपटात वर्षभरात बंदुकीने झालेले खून मोजून दाखवतात: जपान ३९, ऑस्ट्रेलिया ६५, ब्रिटन ६८, कॅनडा १६५, फ्रान्स २५५, जर्मनी ३८१, आणि मग अमेरिका ११,१२७. सभागृहात सन्नाटा. पण लोकसंख्या? अमेरिकेत तेव्हा साधारण २८ कोटी माणसं, कॅनडात ३.१ कोटी. लाखामागे काढा: अमेरिका चारच्या आसपास, कॅनडा अर्ध्याच्या थोडं वर. पडद्यावर ६७ पट वाटणारा फरक सात-आठ पटांवर येतो. सात-आठ पट पुरेसा भयानक नाही का? आणि ब्रिटनशी तुलना केली तर लोकसंख्या धरूनही फरक तीस पटींच्या वर राहतो. खरा हिशेब त्याच्या बाजूने होता, तरी त्याने तो केला नाही. विरोधकांना मात्र आयतं कोलीत मिळालं: हा माणूस आकड्यांत फसवतो, म्हणजे भीतीबद्दलही फसवत असणार.

कॅनडाबद्दल आणखी एक. तिथेही घरोघर बंदुका आहेत तरी खून कमी, म्हणून दोष भीतीचा, असा त्याचा युक्तिवाद. पण कॅनडातल्या बंदुका प्रामुख्याने शिकारीच्या लांब नळीच्या. पिस्तुलांची नोंदणी तिथे १९३४ पासून सक्तीची आहे. अमेरिकेतले बंदुकीचे बहुतेक खून पिस्तुलाने होतात. ही माहिती आली असती तर भीतीचा सिद्धांत थोडा पातळ झाला असता. म्हणून चित्रपट तिथे रेंगाळत नाही. टोरांटोतली कुलूप नसलेली दारं उघडून बघणं जास्त मजेदार आहे, आणि मला विचाराल तर तो प्रसंग अप्रतिम जमलाय.

माहितीपटाने बाजू घेऊ नये असं मी म्हणत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवलं तिथेच बाजू घेतली. माझी हरकत फक्त तारखांना आणि हिशेबाला हात लावण्यावर आहे.

शेवटचा मुद्दा, जो टीव्ही आणि मूर दोघांनीही गाळला. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत सर्वाधिक माणसं आत्महत्येने मरतात. २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या, २०,९५८ खून. चित्रपट आला त्या काळातही आत्महत्यांचाच आकडा मोठा होता. अनोळखी चोराच्या धास्तीने आणलेली बंदूक घरातल्याच माणसाच्या हाती लागते. यात खलनायक नाही, ज्याच्या दारावर कॅमेरा घेऊन जावं असं कुणी नाही. त्यामुळे याची बातमी होत नाही, आणि चित्रपटातही याला जागा मिळाली नाही.

आता चित्रपट बघू. तो दोन तासांचा आहे. हेस्टन बंदूक उंचावतो तेव्हा त्याच्या अंगावरचे कपडे बघून ठेवा आणि पुढच्याच भाषणात पुन्हा बघा. प्रश्नोत्तरं नंतर करू.