मान न वळवता विचारलेला प्रश्न

बेसबॉलमधलं सगळ्यात कामाचं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. आपल्याला क्रिकेटची सवय. अपील म्हणजे तोंड पंचाकडे, हात वर आणि गळा मोकळा. कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला, यातलं काहीच करता येत नाही. तो पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, तोंड करून बसलेला असतो आणि पंच त्याच्या मागे, बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीतून, त्याच्या डोक्यावरून बघत असतो. दोघांची तोंडं एकाच दिशेला आणि दोघांच्या चेहऱ्यावर जाळी. कॅचर चेंडू परत फेकतो आणि समोर बघतच हळू विचारतो, “खाली होता का?” मागून उत्तर येतं, “थोडा खाली.” संपलं.

चेंडू ठरावीक चौकटीतून (झोनमधून) गेला किंवा बॅट फिरून हुकली तर ‘स्ट्राइक’, न खेळलेला चेंडू चौकटीबाहेरून गेला तर ‘बॉल’; हे पंच ठरवतो. प्रश्न नेहमी जागेचा हवा, निर्णयाचा नको. “खाली की बाहेर?” विचारलं तर माहिती मिळते. “हा स्ट्राइक नव्हता?” विचारलं की पंचाला स्वतःचा बचाव करावा लागतो. मान वळवली, तर पंच चुकला हे अख्ख्या मैदानाला सांगितल्यासारखं होतं. पंचानं ‘बॉल’ दिल्यावरही कॅचरनं ग्लोव्ह तिथेच धरून ठेवला, तरी अर्थ तोच. बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला जागा सोडली तर आधी ताकीद, मग हकालपट्टी, असा नियमच आहे.

पंचाला दीर्घ बोलायचं असेल तर तो ब्रश काढून प्लेट (बॅटरजवळची जमिनीत बसवलेली पाटी) झाडायला पुढे येतो. मैदानाकडे पाठ, कॅचरकडे तोंड. कॅचरला चेंडू लागला असेल तर स्वच्छ प्लेटही झाडली जाते, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. पंचाला लागला, तर कॅचर उगाच पिचरशी बोलायला चालत जातो. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर देवाणघेवाण वाटते.

प्रश्न स्वतःबद्दलही असतो. “मी आडवा आलो का?” बाहेर मागितलेला चेंडू आत आला की ग्लोव्ह प्लेटवरून झटक्यात आडवा जातो, कॅचर उठतो आणि पंचाला शेवटचा फूटभर दिसतच नाही. न दिसलेला चेंडू बहुतेकदा बॉल ठरतो. खालचा चेंडू झेलताना ग्लोव्ह वरून खाली गेला तरी तेच. म्हणून ग्लोव्ह आधी जमिनीजवळ ठेवून वर येत झेलायचं.

आता न विचारण्याची किंमत. 12 ऑक्टोबर 2005, शिकागो. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना, 1-1 बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, दोन स्ट्राइक (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर आउट, तिसऱ्या आउटला इनिंग संपते). एंजल्सच्या पिचर एस्कोबारचा खाली पडलेला चेंडू, शिकागो व्हाइट सॉक्सच्या पिअरझिन्स्कीची बॅट हुकली. एंजल्सचा कॅचर जॉश पॉलनं चेंडू जमिनीलगत घेतला, इनिंग संपली असं धरून पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडला आणि निघाला. पंच डग एडिंग्ज यांनी हात बाजूला केला, मग मूठ आवळली. ही खूण स्ट्राइकची की आउटची? तोंडानं ते काही बोलले नाहीत, पॉलनंही विचारलं नाही. तिसरा स्ट्राइक टप्पा न पडता झेलला गेला नसेल तर अशा वेळी बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. पिअरझिन्स्की स्वतः कॅचर. दोन पावलं डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) टाकून तो वळला आणि पहिल्या बेसवर पोहोचला. त्याच्या जागी आलेल्या ओझुनानं दुसरा बेस चोरला, क्रीडीनं डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, मारला, 2-1. त्यानंतर शिकागो त्या मोसमात एकही सामना हरलं नाही. 1917 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, त्यांनीच जिंकली. टप्पा पडला की नाही यावर लोक आजही भांडतात. माझं म्हणणं साधं आहे: शंका असेल तर चेंडू बॅटरच्या अंगाला लावायचा. बॅटर हाताच्या अंतरावर होता.

वेळ संपत आली, आणि मूळ मुद्दा राहिलाच आहे. भराभर सांगतो. 2026 पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, पंचाच्या बॉल-स्ट्राइकला आव्हान देता येतं आणि मग निकाल यंत्र देतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. ते फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरनं, डोक्यावर हात टेकवून, ताबडतोब द्यायचं; डगआउटची मदत चालत नाही. आता कुजबुज संपेल असं म्हणतात. मला उलट वाटतं.

यंत्राचा झोन 17 इंच रुंद. वरची हद्द बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. मोजमाप प्लेटच्या मध्यावर होतं, कॅचर मात्र चेंडू प्लेटच्या मागे घेतो. खाली वळणारा चेंडू, कर्व्हबॉल, तोवर आणखी खाली गेलेला असतो, त्यामुळे ग्लोव्हमध्ये खालचा वाटलेला चेंडू मध्यावर स्ट्राइक असू शकतो. पंच कुठली कड बघतोय हे कळल्याशिवाय आव्हान म्हणजे जुगार. आणि आव्हान ताबडतोब द्यायचं असल्यामुळे ज्या चेंडूला ते द्यायचं, त्याबद्दल आधी विचारायला वेळच नसतो. विचारायचं ते आधीच्या चेंडूंबद्दल, पहिल्या दोन-तीन इनिंगमध्ये, स्कोअर 0-0 असताना. ती उत्तरं कॅचरनं आठव्या इनिंगपर्यंत लक्षात ठेवायची.