चेहऱ्याची शस्त्रक्रिया आणि दरपत्रकात नसलेले वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, म्हणजे सेऊल शहरात, गंगनम नावाचा भाग आहे. तेथील आपगुजोंग आणि सिनसा या भुयारी रेल्वेच्या स्थानकांभोवती नाक, पापण्या, जबडा आणि गालाची हाडे यांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया करणारी रुग्णालये इतक्या दाटीने वसली आहेत की एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर ती एकमेकांशी स्पर्धा करताना दिसतात. परदेशी रुग्णांना बोलावून घेण्याची मुभा कोरियाने २००९ मध्ये कायद्याने दिली आणि २०२४ या एका वर्षात तेथे उपचारांसाठी गेलेल्या परदेशी लोकांची संख्या अकरा लाखांच्या पुढे गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक त्वचेच्या उपचारांसाठी गेले होते. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेलेले साधारण दहातले एक भरतील.

महाराष्ट्रातून तिकडे जाणारे थोडेच आहेत. परंतु कोरियन मालिका पाहत मोठी झालेली पिढी आता कमावती झाली आहे आणि हा विषय घरोघरी निघू लागला आहे. तो निघाला की वडीलधारी माणसे 'हे कसले खूळ' म्हणून उडवून लावतात किंवा 'तुझे पैसे, तुझा चेहरा' म्हणून हात झटकतात, आणि यांतल्या कोणत्याच उत्तराचा जाणाऱ्याला उपयोग होत नाही. सज्ञान माणसाने आपल्या नाकाचे काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. खर्च आणि धोका कसा मोजावा, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

प्रथम खर्च पाहू. ब्रिटनमधला माणूस शस्त्रक्रियेसाठी तुर्कस्तानात जातो तेव्हा त्याचे पैसे वाचतात, कारण त्याच्या देशात तीच शस्त्रक्रिया फार महाग असते. आपले गणित तसे नाही. मुंबई-पुण्यातला अनुभवी प्लास्टिक सर्जन जे काम करतो त्यासाठी सेऊलमध्ये साधारणपणे अधिकच पैसे पडतात, आणि त्यावर विमानभाडे, व्हिसा, सोबतच्या माणसाचा खर्च, दुभाष्याचे पैसे आणि दोन-तीन आठवड्यांचे हॉटेल चढते. कोरियात सौंदर्यशस्त्रक्रियेवर १० टक्के मूल्यवर्धित कर आहे. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्यावे. म्हणजे आपला माणूस स्वस्त म्हणून तिकडे जात नाही, तिकडचे हात अधिक कसबी आहेत या विश्वासाने जातो. तेव्हा तपासायला हवा तो हा विश्वास.

सेऊलच्या शल्यचिकित्सकांचे कसब खरे आहे, यात शंका नाही. पण ते कोणत्या कामातले आहे? कोरियात नाकाची शस्त्रक्रिया पुष्कळदा नाकाचा बसका कणा उंच करण्यासाठी, सिलिकोनची पट्टी किंवा रुग्णाचीच कूर्चा (कानात-नाकात असते ते मऊ, लवचीक हाड) बसवून केली जाते. आपल्याकडे येणारी तक्रार बहुधा उलटी असते: कणा उंच आहे, मध्ये उंचवटा आहे, शेंडा जाड आहे. उंची वाढवणे आणि उंची कमी करून उरलेल्या सांगाड्याला आधार देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात हजारो नाके घडवलेला हात दुसऱ्या कामात तितकाच सरावलेला असेल असे गृहीत धरता येत नाही. त्वचेचेही तसेच आहे. सावळ्या त्वचेवर टाक्यांच्या जागी काळसर डाग राहण्याचा किंवा व्रण फुगून वर येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून 'आपण किती नाके केलीत' यापेक्षा 'माझ्यासारख्या त्वचेची, माझ्यासारख्या तक्रारीची किती केलीत आणि एका वर्षानंतरची त्यांची छायाचित्रे दाखवाल का' हा प्रश्न उपयोगाचा आहे. एका वर्षानंतरची, हे शब्द मुद्दाम वापरले आहेत.

नाकाला आधार देणारी वरची कडक पट्टी साधारण आठवड्याने निघते, डोळ्यांखालची निळी छटा दोन-तीन आठवड्यांत जाते. आतली सूज मात्र पूर्ण ओसरायला वर्षभर लागू शकते आणि जाड त्वचेत त्याहूनही अधिक. नाक खरोखर कसे झाले हे तेव्हा कळते. काही दुरुस्ती करायची असल्यास बहुतेक सर्जन वर्षभर थांबायला सांगतात, कारण आतल्या उती स्थिरावल्याशिवाय पुन्हा कापणे म्हणजे बिघाडात भर घालणे होय. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आत व्रणउती तयार झालेली असते आणि नाकाच्या पडद्यातली कूर्चा पहिल्या वेळी वापरली गेली असेल तर कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. सिलिकोनची पट्टी बसवली असेल तर तिला जंतुसंसर्ग होणे किंवा ती सरकणे, हे काही वर्षांनीही घडू शकते. दरपत्रकात असतो तो शस्त्रक्रियेचा दिवस आणि फार तर पुढचे दहा दिवस. त्यानंतरचे वर्ष आपण कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली काढणार, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

येथे पुण्याची एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह मला आवरत नाही. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले आणि पुढे पुण्याजवळच्या एका वैद्याने, जो वीट पाडणाऱ्यांच्या जातीचा होता असे सांगतात, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. तो वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आला, आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. या वृत्तांतात रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे ठेवणे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालणे आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा दुवा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापणे, असे सगळे टप्पे नोंदवले आहेत. पंचविसाव्या दिवशी तो वैद्य आणि त्याचा रुग्ण एकाच गावात होते.

आता धोक्यांकडे वळू. चेहऱ्याची त्वचा ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेत त्वचेखाली रक्त साचण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो आणि रक्तदाब असलेल्यांत व पुरुषांत तो वाढतो. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या मागे रक्त साचणे अत्यंत विरळ आहे, पण घडले तर दृष्टी वाचवायला काही तासच हाती असतात; हॉटेलच्या खोलीत रात्री दोन वाजता दुखू लागलेल्या डोळ्याबद्दल कोणत्या क्रमांकावर, कोणत्या भाषेत फोन करायचा हे आधी ठाऊक असले पाहिजे. धूम्रपान करणाऱ्यांची त्वचा मरण्याचा धोका मोठा असल्याने काही आठवडे आधीपासून सिगारेट बंद ठेवावी लागते, आणि तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तीही सर्जनला सांगावी. दिल्लीहून सेऊलचा थेट विमानप्रवास सुमारे सात तासांचा आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास टाळण्यास सांगते. पाच दिवसांत परत, अशी सहल विकणारा माणूस तुमच्या रजेचा विचार करत असतो, शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केल्याने होऊ शकणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा नाही.

जबड्याची गोष्ट नाकापापणीहून कितीतरी गंभीर आहे. निमुळत्या हनुवटीसाठी खालच्या जबड्याचे हाड कापले किंवा तासले जाते. त्या हाडाच्या आतून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ती दुखावली तर ओठ बधिर होतो, कधी महिन्यांसाठी, कधी कायमचा. संपूर्ण भूल द्यावी लागते, रक्तस्राव मोठा होऊ शकतो आणि सुजेमुळे श्वासमार्ग अडण्याची भीती असते. याला सौंदर्योपचार म्हणत असले तरी ती हाडांची मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि ती लहान दवाखान्यात होत असेल तर भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असतो का आणि रात्री कोण थांबते, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

२०१६ मध्ये सेऊलमधला एक महाविद्यालयीन तरुण याच शस्त्रक्रियेत अतोनात रक्तस्राव होऊन पुढे मरण पावला. शस्त्रक्रियागृहातल्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याच्या आईने पुन्हा पुन्हा पाहिले आणि मुख्य सर्जन मध्येच दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेला होता हे तिने उघडकीला आणले. पुढे त्या सर्जनला तीन वर्षांची कैद झाली. पण आईची मागणी त्याहून मोठी होती, आणि तिच्यासारख्यांच्या रेट्यामुळे कोरियाच्या संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा केला: भूल देऊन बेशुद्ध केलेल्या रुग्णावर जेथे शस्त्रक्रिया होते तेथे कॅमेरा असलाच पाहिजे आणि रुग्णाने मागणी केल्यास चित्रण केलेच पाहिजे, ठरावीक अपवाद सोडून. २५ सप्टेंबर २०२३ पासून तो लागू आहे. त्यामागे अशा तक्रारींचा इतिहास होता की नामांकित डॉक्टर रुग्णाशी बोलायचा आणि भूल चढल्यावर सुरी दुसऱ्याच, कधी नवशिक्या, हातात जायची.

या कायद्यातली मेख परदेशी रुग्णाने लक्षात घ्यावी. चित्रण आपोआप होत नाही, रुग्णाने ते मागावे लागते. ते किमान तीस दिवस जपून ठेवण्याचे बंधन आहे, त्यापुढे नाही. आणि ते पाहायला न्यायालय, तपासयंत्रणा किंवा वैद्यकीय तंटा निवारण संस्थेची मागणी लागते, नाहीतर चित्रणात असलेल्या सर्वांची संमती. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ दोन महिन्यांनीही बधिरच आहे हे सांगलीत बसून जाणवेल तेव्हा ते चित्रण पुसले गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून चित्रणाची मागणी संमतिपत्राबरोबरच लेखी करावी, आणि शंका आली तर तीस दिवसांच्या आत ते जपून ठेवण्याचा अर्ज करावा.

डॉक्टर कोण, हेही तेथे समजून घ्यावे लागते. कोरियात वैद्यकीय परवाना असलेला कोणताही डॉक्टर सौंदर्यशस्त्रक्रिया करू शकतो. त्या विषयाची विशेषज्ञ परीक्षा उत्तीर्ण झालेला डॉक्टर वेगळा. विशेषज्ञाला दवाखान्याच्या नावातच प्लास्टिक सर्जरीचा उल्लेख करता येतो, इतरांना तो उपचारांच्या यादीत वेगळा लिहावा लागतो. कोरियन लिपी न वाचणाऱ्याला पाटीवर हा भेद दिसत नाही. परदेशी रुग्ण घेणाऱ्या दवाखान्याला सरकारी नोंदणी आणि जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. मध्यस्थालाही नोंदणी लागते, आणि लहान दवाखान्यांकडून त्याने घ्यायच्या दलालीची मर्यादा ३० टक्के ठरवलेली आहे. कायदेशीर दलालीच एवढी असेल तर 'मी तुमच्यासाठी सूट मिळवून देतो' म्हणणाऱ्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची, ते आपणच ठरवावे.

बिघडले तर दाद कुठे मागायची? १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली आणि २०१९ च्या कायद्यानंतर तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. सेऊलच्या डॉक्टरविरुद्ध साताऱ्याच्या आयोगाने निकाल दिला तरी तो तिकडे वसूल कसा करायचा? कोरियात २०१२ पासून वैद्यकीय तंटे मिटवणारी सरकारी संस्था आहे, पण मृत्यू, दीर्घ बेशुद्धी किंवा गंभीर अपंगत्व सोडता डॉक्टर तयार असेल तरच तेथे प्रकरण पुढे सरकते. वाकडे झालेले नाक त्या अपवादांत बसत नाही. आपला आरोग्यविमाही येथे कामाचा नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना वगळता सौंदर्यशस्त्रक्रिया विम्यातून बाहेर असते, आणि प्रवासविमा सहसा ठरवून केलेल्या उपचाराच्या गुंतागुंतीची भरपाई देत नाही.

अमेरिकेतले किंवा आखातातले आपले लोक सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन अशाच शस्त्रक्रिया उरकून जातात, आणि त्यांना हे शहर परके वाटत नाही. पण रुग्ण म्हणून तेही परदेशीच असतात: टाके इथे पडतात, सूज न्यू जर्सीत उतरते आणि तिथला डॉक्टर दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेला हात लावायला नाखूश असतो.

म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याच्या आधी एक काम करावे. आपल्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या प्लास्टिक सर्जनला फी देऊन भेटावे आणि सरळ विचारावे की परत आल्यावर वर्षभर तुम्ही मला पाहाल का, आणि त्यासाठी तिकडून कोणते कागद आणू. तो बहुधा शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, आत बसवलेल्या सिलिकोनच्या पट्टीसारख्या रोपणाची कंपनी आणि क्रमांक, दिलेली भूल व औषधे यांची इंग्रजी प्रत मागेल. ती यादी सेऊलला पाठवावी. तिकडून लेखी होकार येईपर्यंत आणि इकडचा सर्जन तयार होईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

नमस्कार.